सुपरनेटंटमध्ये असं काय असतं जे विकतच्या आयएल-२ मध्ये नसतं?

लॅबकोट_परळ
नमस्कार मंडळी. या विभागात बहुतेक धागे दुर्बिणी नाहीतर इलेक्ट्रिक स्कूटरचे असतात, त्यात ही माझी एक जिलबी.

मी मूळची रसायनशास्त्राची. आता परळच्या एका प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या कामावर आहे. रक्तातून फायकॉलवर (पेशी वेगळ्या करणारं दाट द्रावण) लिम्फोसाइट, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, वेगळ्या करायच्या, पीएचए (राजम्यातलं एक प्रथिन) देऊन जाग्या करायच्या आणि मग त्यातल्या टी-पेशी आयएल-२ वर (इंटरल्युकिन-२, टी-पेशींना वाढीचा निरोप देणारं प्रथिन) वाढवत न्यायच्या. मीडियम आरपीएमआय १६४०, १० टक्के गाईच्या गर्भाचं सीरम, ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. सगळं प्रोटोकॉलबरहुकूम.

अडचण अशी की नुसत्या विकतच्या आयएल-२ वर पेशी वाढतात, पण बेताच्याच. सीनियर म्हणाल्या, पीएचए दिलेल्या आधीच्या कल्चरचं सुप (सुपरनेटंट, पेशी खाली बसवल्यावर उरतं ते वरचं पाणी) गाळून २० टक्के घालून बघ. घातलं, आणि पेशी अशा फोफावल्या की मीडियम दुसऱ्या दिवशी पिवळं. सर म्हणतात, 'चांगलं चाललंय ना, मग तेच चालू ठेव.' पण मला झोप नाही. त्या पाण्यात नक्की विरघळलेलं काय आहे? आयएल-२ तर मी वेगळा देतेच आहे की.

जोडप्रश्न: प्लेटमध्ये पेशी दाट टाकल्या तर जगतात, विरळ टाकल्या तर आयएल-२ असूनही मरतात. असं का?

गिरगाव_कट्टा
पहिला! कळलं काही नाही, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सोनचाफा
अगं हे तर विरजण झालं. आदल्या दिवशीचं चमचाभर घातल्याशिवाय आजचं लागत नाही.

पुणेरी_पाटी
आमच्याकडे दुपारी १ ते ४ पेशीसुद्धा वाढत नाहीत. (हलके घ्या.)

निवृत्त_सूक्ष्मदर्शी
सोनचाफाताई, विरजणात जिवंत जिवाणू असतात. हे सुपरनेटंट ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढतात, जिवंत काही उरत नाही. जे काय काम करतं ते विरघळलेलंच.

लॅबकोट, तुमच्या सीनियर बाईंचा सल्ला पन्नास वर्षं जुना आहे, आणि आयएल-२ सापडला तो याच युक्तीतून. थोडं विस्ताराने लिहितो, निवृत्त माणसाला दुसरं काम काय.

१९६० पर्यंत लिम्फोसाइट ही शेवटाला आलेली, पुढे काही न करणारी पेशी असाच समज होता. तांबड्या पेशींचे गोळे करून त्या बाजूला काढायला तेव्हा राजम्याचा अर्क वापरत. पीटर नॉवेल यांना दिसलं की या अर्कामुळे लिम्फोसाइट विभागायला लागतात. तो अर्क म्हणजे तुमचं पीएचए. मग १९६५ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दोन माणसांच्या पांढऱ्या पेशी एकत्र वाढवल्या आणि त्यांचं वरचं पाणी ताज्या पेशींना दिलं. त्याही वाढू लागल्या. पाण्यातून काहीतरी जातंय एवढं सिद्ध झालं.

पुढची दहा-बारा वर्षं नुसता गोंधळ. ज्याला जो परिणाम दिसला त्याने त्यावरून आपल्या पाण्याला नाव ठेवलं: कोणाचा वाढ करणारा घटक, कोणाचा मॅक्रोफेज रोखणारा, कोणाचा मदतनीस घटक. एकाच रेणूला पाच-सहा नावं आणि एका नावाखाली तीन रेणू. १९६९ मध्ये ड्युमॉंड आणि मंडळींनी 'लिम्फोकाइन' शब्द काढला, १९७४ मध्ये स्टॅन्ली कोहेन यांनी 'सायटोकाइन', म्हणजे पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ती प्रथिनं. १९७६ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेत मॉर्गन आणि रुसेट्टी अस्थिमज्जेतल्या पेशी वाढवायला बसले होते. त्यांना हव्या होत्या ल्युकेमियाशी संबंधित दुसऱ्या पेशी. पीएचए दिलेल्या लिम्फोसाइटचं सुप घातलं तर फ्लास्कभर वाढल्या त्या साध्या, निरोगी टी-पेशी, आणि वाढतच राहिल्या. त्याआधी टी-पेशी इतका काळ कोणी पोसलेल्याच नव्हत्या. पुढच्याच वर्षी गिलिस आणि केंडल स्मिथ यांनी मारक टी-पेशी अशाच दीर्घकाळ वाढवून दाखवल्या. १९७९ मध्ये स्वित्झर्लंडच्या एर्माटिंगेन गावात सगळे जमले आणि आयएल-१, आयएल-२ अशी क्रमांकाची नावं ठरली. १९८३ मध्ये जपानमध्ये तानिगुची यांच्या गटाने आयएल-२ चं जनुक वेगळं केलं. १३३ अमिनो आम्लांचं लहानसं प्रथिन. तेव्हापासून ते बाटलीत मिळतं, बहुतेक वेळा ई. कोलाय जिवाणूकडून करवून घेतलेलं.

तुमच्या सुपमध्ये आयएल-२ असणारच, पण सोबत गॅमा इंटरफेरॉन, टीएनएफ, जीएम-सीएसएफ, आयएल-४, आयएल-२१, मोनोसाइटनी सोडलेले आयएल-१ आणि आयएल-६, असा इतर सायटोकाइनचा सगळा लवाजमा असतो. शुद्ध बाटलीला तो कुठून येणार?

बदलापूर_८_०७
दंडवत काका. वाखुसा (वाचनखूण साठवली).

मेगाब्लॉक
प्रश्नाशी संबंध नाही तरी लिहितो. या पेशींना रविवार कळत नाही हा मुख्य दोष आहे. मीडियम बदलायला रविवारी हार्बर लाइनने खारघर गाठा, तर वाशीच्या पुढे गाडीच नाही. आमच्या गटात कोणाच्या पेशी कोणी खायला घालायच्या याचा वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. आणि जुलैत इन्क्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेमध्ये बुरशी. मुंबईच्या हवेत टी-पेशीपेक्षा ॲस्परजिलसच जोमाने वाढतो.

लॅबकोट_परळ
@निवृत्त_सूक्ष्मदर्शी, धन्स! एवढा इतिहास आम्हाला कोणी सांगितलाच नाही.
@मेगाब्लॉक, आमच्याकडे ट्रेमध्ये तांब्याचा तुकडा टाकतात. फरक पडतो म्हणे.

खारघर_लाइन
काका, लवाजमा असतो हे बरोबर, पण त्यातला प्रत्येक जण टी-पेशी वाढवतो असा अर्थ निघायला नको. मी रोज हेच काम करतो म्हणून थोडं टोचून लिहितो.

आयएल-२, ४, ७, ९, १५ आणि २१ या सहा जणांच्या ग्राहींमध्ये (पेशीवरचे, निरोप पकडणारे रेणू) एक साखळी सामायिक आहे, गॅमा. तिच्या जनुकात बिघाड असलेली मुलं टी-पेशींशिवाय जन्माला येतात, हे १९९३ मध्ये कळलं. म्हणजे टी-पेशींचं जगणं-वाढणं मुख्यतः या कुटुंबावर. त्यातही कामं वेगळी: आयएल-७ न जागलेल्या पेशींना जिवंत ठेवतो, आयएल-१५ स्मृतिपेशींना धरून असतो, आणि आयएल-२ जागलेल्या पेशींना धडाधड विभागायला लावतो. गॅमा इंटरफेरॉन उलट काही परिस्थितींत वाढ आवरतो.

आयएल-२ भरपूर ओतला की काम झालं, असंही नाही. सतत जास्त आयएल-२ मध्ये ठेवलेल्या टी-पेशी संख्येने वाढतात पण लवकर पिकतात, आणि पुन्हा प्रतिजन दिसला की फासच्या (पेशीला मरणाचा निरोप देणारा ग्राही) मार्गाने आत्महत्येला अधिक तयार असतात. वाढवणारा आणि मारणारा रेणू एकच. म्हणूनच कार-टी पेशी वाढवताना बरेच गट आयएल-२ ऐवजी आयएल-७ आणि आयएल-१५ ची जोडी घेतात.

आरोग्यम्_धनसंपदा
या सगळ्यावर आपल्याकडे सोपा उपाय आहे. रोज सकाळी गुळवेल, आवळा आणि हळदीचा काढा घेतल्याने शरीरातला आयएल-२ आपोआप वाढतो आणि प्रतिकारशक्ती दुप्पट होते. बाहेरून रसायनं कशाला? माझ्याकडे तयार चूर्ण आहे, इच्छुकांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.

गिरगाव_कट्टा
आला! धाग्याचा काश्मीर व्हायची वेळ झाली.

वैद्य_नव्हे
@आरोग्यम्, काढा चवीला प्या, माझी हरकत नाही. पण 'दुप्पट' कशाच्या दुप्पट? प्रतिकारशक्तीला मोजपट्टी एक नाही.

आणि शरीरात आयएल-२ वाढणं ही चांगली बातमी आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं? औषध म्हणून तो अमेरिकेत १९९२ मध्ये मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी आणि १९९८ मध्ये मेलानोमासाठी मंजूर झाला. मोठ्या मात्रेत दिला की केशवाहिन्या पाझरायला लागतात, रक्तदाब कोसळतो, फुप्फुसात पाणी साचतं. रुग्णालयात, नजरेखाली देतात ते म्हणून. काही थोड्या रुग्णांचा आजार मात्र कायमचा गेला, हेही खरं.

त्याहून मजेशीर पुढचं. ज्या उंदरांत आयएल-२ चं जनुकच काढून टाकलं त्यांच्यात टी-पेशी नसतील अशी सगळ्यांची अपेक्षा होती. टी-पेशी होत्या. उंदीर मेले ते स्वतःच्याच शरीरावर उलटलेल्या प्रतिकारशक्तीने, मोठ्या आतड्याला सूज येऊन. कारण आयएल-२ ची सर्वांत जास्त भूक असते ती आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशींना. त्या जगल्या नाहीत की बाकीच्या मोकाट. याच नियामक पेशींच्या शोधासाठी २०२५ चं नोबेल ब्रुंको, रॅम्सडेल आणि साकागुची यांना मिळालं.

आणि मुंबईकरांनी तरी हे विसरू नये. २०२० मध्ये, कोरोनात, टोसिलिझुमॅबसाठी लोक औषधांची दुकानं पालथी घालत होते. ते औषध आयएल-६ चा ग्राही अडवतं. म्हणजे सायटोकाइन *कमी* करायला पैसे मोजत होतो आपण.

आरोग्यम्_धनसंपदा
पाश्चात्य विज्ञानाला प्रत्येक गोष्टीत दुष्परिणामच दिसतात. असो.

संपादक_मंडळ
विक्रीविषयक मजकूर इथे चालत नाही. व्यनिचीही जाहिरात नको. चर्चा मूळ विषयावर ठेवावी.

ठाणेकर_काका
मूळ विषय मला पेलणार नाही, पण एक विचारतो. वहिनींना केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढायला पोटावर इंजेक्शन द्यायचे. फार हाडं दुखायची त्यांची. तेही यातलंच का?

निवृत्त_सूक्ष्मदर्शी
हो काका, त्याच घराण्यातलं, पण दुसऱ्या शाखेचं. ते बहुधा जी-सीएसएफ. लिम्फोसाइट नव्हे, न्यूट्रोफिल वाढवतं. मज्जेत एकदम उत्पादन वाढतं म्हणून हाडं दुखतात.

त्याची गोष्टही पाण्याचीच. १९६५-६६ च्या सुमारास इस्रायलमध्ये प्लुझ्निक आणि साक्स, आणि मेलबर्नमध्ये ब्रॅडली आणि मेटकाफ, यांना दिसलं की मऊ अगारमध्ये विखुरलेल्या मज्जापेशी आपण होऊन वसाहती करत नाहीत. खाली दुसऱ्या पेशींचा थर ठेवला तर करतात. त्या थरातून काहीतरी वर झिरपत होतं. त्या 'काहीतरी'चे चार घटक वेगळे व्हायला वीस वर्षं गेली, आणि १९९१ मध्ये त्यातला जी-सीएसएफ औषध म्हणून अमेरिकेत मंजूर झाला. आज आपल्याकडे भारतीय कंपन्याही तो बनवतात.

उंदराच्या मज्जेतून मॅक्रोफेज वाढवणारे लोक तर आजही एल९२९ नावाच्या पेशींचं सुप थेट घालतात, त्यात एम-सीएसएफ भरपूर असतो. निबंधात तसं लिहितात आणि छापूनही येतं. त्यामुळे लॅबकोट, 'वरचं पाणी घातलं' असं लिहायला लाज वाटायचं कारण नाही.

ठाणेकर_काका
समजलं. आभारी आहे. वहिनी आता ठणठणीत आहेत, गणपतीत मोदक वळायला त्याच बसतात.

उलटतपासणी
काकांच्या शेवटच्या वाक्याला माझा ठाम विरोध. लाज वाटो न वाटो, धास्ती वाटायला हवी. सुपरनेटंट या प्रकाराने या क्षेत्राला जितकं दिलं तितकंच फसवलंही आहे, आणि धाग्यात आतापर्यंत फक्त जिंकलेल्यांची नावं आली आहेत.

वाढ थांबवणाऱ्या घटकांचीच गोष्ट घ्या. १९७०च्या दशकात 'चॅलोन' नावाची मोठी लाट होती. प्रत्येक ऊती स्वतःची वाढ रोखणारा खास रेणू सोडते, लिम्फोसाइटचाही आहे, प्लीहेच्या आणि थायमसच्या अर्कात मिळतो, वगैरे. १९७७ मध्ये थायमसच्या अशा एका अर्काची छाननी झाली तेव्हा आत निघालं स्पर्मीन, कुठल्याही पेशीत असणारं पॉलिअमाइन. ते स्वतः तितकं विषारी नाही. पण कल्चरमध्ये घातलेल्या गाईच्या सीरममध्ये अमाइन ऑक्सिडेज असतं, ते स्पर्मीनपासून विषारी अल्डिहाइड बनवतं. म्हणजे लिम्फोसाइटना रोखत होती ती बशीतली रसायनक्रिया, आणि सीरम गाईचं नसतं तर ती झालीच नसती.

दुसरं उदाहरण. वाढ मोजायला ट्रिशियमवाली, म्हणजे किरणोत्सारी केलेली, थायमिडीन (डीएनएचा एक घटक) घालून ती डीएनएत किती शिरली ते बघायचे. मॅक्रोफेजच्या सुपने आकडा धाडकन पडायचा, लोक नवा 'दमनकारी घटक' जाहीर करायचे. मॅक्रोफेज साधी थायमिडीन बाहेर सोडतात आणि ती किरणोत्सारी थायमिडीनला पातळ करते, एवढंच असायचं कित्येकदा. पेशी मजेत विभागत होत्या.

तिसरं, आणि हे आजही घडतं: मायकोप्लाझ्मा. हा जिवाणू इतका लहान आणि लवचीक की ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही निसटू शकतो. त्याच्या काही जाती मीडियममधलं आर्जिनीन फस्त करतात आणि आर्जिनीन संपलं की लिम्फोसाइट थांबतात. काही जातींची प्रथिनं उलट लिम्फोसाइटना भडकवतात. तेव्हा काकांच्या 'जिवंत काही उरत नाही' वर मोठा तारा मारून ठेवा.

आता लॅबकोट, तुम्हाला थेट प्रश्न. त्या सुपमध्ये पीएचए उरलंय की नाही?

निवृत्त_सूक्ष्मदर्शी
मायकोप्लाझ्माचा मुद्दा मान्य. स्पर्मीनचं प्रकरण आम्ही डोळ्यांनी पाहिलंय, एका परिषदेत त्यावरून चहाच्या टेबलावर आवाज चढले होते. पण खरे दमनकारी घटकही निघालेच की. टीजीएफ-बीटा आहे, आयएल-१० आहे, मोनोसाइट सोडतात ते प्रोस्टाग्लँडिन ई-२ आहे. शेवटच्याला इंडोमेथॅसिन घालून रोखलं की लिम्फोसाइटची वाढ परत येते, हे तर १९७७ चंच काम.

आणि याच 'फसव्या' पाण्यामुळे १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत बारे-सिनूसी आणि मंडळींना रुग्णाच्या लसिका गाठीतल्या टी-पेशी जिवंत ठेवता आल्या आणि एचआयव्ही हाती लागला. टी-पेशी पोसायची सोय नसती तर तो विषाणू दिसला असता कधी?

उलटतपासणी
काका, पाणी टाकून द्या असं मी म्हणतच नाहीये. कंट्रोल लावा म्हणतोय.

रश्मी_मुलुंड
मध्येच विचारते, खारघर_लाइन यांनी कार-टी म्हटलं ते आयआयटी आणि टाटाचं का? पेपरात वाचलं होतं.

खारघर_लाइन
तेही त्यातलंच. नेक्सकार१९, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्याकडे मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते पवईत उद्घाटन झालं. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांत बी-पेशींवरचा सीडी१९ ओळखणारा ग्राही बसवून, बाहेर वाढवून परत देतात. त्यांच्या कारखान्यात कुठला सायटोकाइन किती घालतात ते मला माहीत नाही आणि माहीत असतं तरी लिहिलं नसतं. :)

एक मात्र लक्षात घ्या. पेशी परत दिल्यावर त्या ट्यूमर पेशींशी भिडतात तेव्हा शरीरातच सायटोकाइनचा भडका उडू शकतो. २०१२ मध्ये अमेरिकेत एमिली व्हाइटहेड या लहान मुलीला हा उपचार दिला तेव्हा ती त्यातून वाचली ती टोसिलिझुमॅबमुळे. वर वैद्य_नव्हे यांनी सांगितलेलं तेच औषध.

रश्मी_मुलुंड
बापरे. धन्यवाद.

चिंतामणी_वांद्रे
'आयएल-२ ने पेशी थकतात' हे आजकाल मंत्रासारखं म्हटलं जातं. ट्यूमरमधून काढलेल्या लिम्फोसाइट वाढवताना मिलिलिटरला ६००० आंतरराष्ट्रीय युनिट देतात, आणि त्या पेशींनी लोक बरे झालेत. २०२४ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरीही मिळाली. प्रत्येक पेशीला एकच नियम लावू नका.

लॅबकोट, तुम्ही किती युनिट देताय आणि कुठली? जुन्या निबंधात सीटस युनिट (सीटस कंपनीचं जुनं माप) असतील तर एक म्हणजे साधारण ६ आंतरराष्ट्रीय युनिट. हा घोळ मी डोळ्यादेखत झालेला पाहिलाय, माणूस सहापट कमी देतो आणि पेशींना दोष देतो. दुसरं म्हणजे बाटलीतली पावडर विरघळवली कशात? आयएल-२ पाण्याला टाळणारा रेणू आहे, सामान्य पीएचला नीट विरघळत नाही. बऱ्याच कंपन्या आधी पातळ ॲसिटिक आम्लात घ्यायला सांगतात. आणि फार पातळ करून ठेवलात तर प्लास्टिकला चिकटून बसतो. सोबत थोडं अल्ब्युमिन लागतं. तुमच्या सुपमध्ये सीरमचं अल्ब्युमिन आयतंच आहे, म्हणून तिथला आयएल-२ टिकतो, असंही असू शकेल.

लॅबकोट_परळ
@चिंतामणी, आंतरराष्ट्रीय युनिटच, मिलिलिटरला १००. आम्लात विरघळवून, अल्ब्युमिन घालून, छोट्या नळ्यांत उणे ८० ला. ते माहितीपत्रकात होतं.

@उलटतपासणी, पीएचए उरलंय का... मूळ कल्चरमध्ये मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम होतं. काढून टाकायला काहीच केलेलं नाही. म्हणजे २० टक्के सुपमधून १ मायक्रोग्रॅमपर्यंत जात असेल?!

उलटतपासणी
हेच ते. १ मायक्रोग्रॅम पीएचए मजेत लिम्फोसाइट जागवतं. काही पेशींना बांधलं गेलं असेल, तरी उरलेलं थोडं नाही. आता असं करा. जुनीच युक्ती आहे:

त्याच दात्याच्या पेशी पीएचएशिवाय तितकाच वेळ ठेवा. सुप काढायच्या वेळी, पेशी खाली बसवून झाल्यावर, तेवढंच पीएचए वरच्या पाण्यात घाला आणि गाळा. या पाण्यात पीएचए आहे, सीरम आहे, जुनं झालेलं मीडियम आहे, फक्त जागलेल्या पेशींनी सोडलेलं काही नाही. हे आणि तुमचं सुप शेजारी शेजारी, दोन्हींत आयएल-२ सारखा. पेशी मोजा ट्रिपॅन ब्लूवर (मेलेल्या पेशींनाच निळं करणारा रंग), नुसत्या रंग बदलणाऱ्या किटवर विसंबू नका. आणि मायकोप्लाझ्माचा पीसीआर आधी.

खारघर_लाइन
+१. आणि जोडप्रश्नाचं राहूनच गेलं. विरळ पेशी मरतात कारण आयएल-२ हा टी-पेशींच्या गरजांपैकी एक. जागलेल्या पेशी स्वतः आणखीही घटक सोडतात आणि शेजारच्या पेशी ते लगेच उचलतात. अंतर वाढलं की ते मीडियममध्ये हरवतात. शिवाय नुसतं विरघळलेलंच नाही, पेशीला पेशीचा स्पर्शही लागतो, सीडी२८ (टी-पेशीवरचा एक ग्राही) सारख्यांचे निरोप तिथूनच जातात. सपाट तळाच्या खाचांऐवजी गोल तळाची प्लेट घ्या. पेशी तेवढ्याच, पण घरंगळून मध्यभागी गोळा होतात. आणि मीडियम बदलताना सगळं काढू नका, अर्धंच बदला.

मेगाब्लॉक
अर्धं बदललं की रविवारचं सोमवारवर ढकलता येतं. खरं वैज्ञानिक कारण हेच.

सोनचाफा
मी अजून वाचतेय. विरजण नाही हे मान्य केलं, पण पुढे काय झालं ते सांग गं.

लॅबकोट_परळ
धागा वर काढतेय, काम आटोपायला वेळ लागला. मध्ये पावसाने इन्क्युबेटरचा वीजपुरवठा गेला होता, त्याची वेगळी कथा.

मायकोप्लाझ्मा नाही. गोल तळाच्या प्लेटने आणि अर्ध्या मीडियमने विरळ पेशींचा प्रश्न बराचसा सुटला, सुप न घालता. त्यासाठी खारघर_लाइन यांना एक वडापाव.

आता मुख्य. उलटतपासणी यांनी सांगितलेलं नकली सुप लावलं. दोन दात्यांच्या पेशींत नकली सुपने जवळजवळ खऱ्या सुपइतकीच वाढ दिली. तिसऱ्यात खरं सुप स्पष्ट पुढे. म्हणजे बराचसा जोर उरलेल्या पीएचएचा होता, पण सगळा नाही. सरांना दाखवलं, ते बराच वेळ आलेखाकडे बघत राहिले आणि म्हणाले, 'मग पीएचए काढून टाकून बघ.' आता ते कसं काढायचं?

निवृत्त_सूक्ष्मदर्शी
अगदी सोपं! आम्ही तांबड्या पेशींवर शोषून घ्यायचो. पीएचए तांबड्या पेशींना चिकटतं, नॉवेल यांच्या काळापासून माहीत आहे. कोंबडीच्या तांबड्या पेशी त्यासाठी उत्तम. परळमध्येच पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, विचारून बघा.

गिरगाव_कट्टा
क्रॉफर्ड मार्केटला या, कोंबडी मी दाखवतो.

बदलापूर_८_०७
फायकॉलच्या नळीच्या तळाशी माणसाच्याच तांबड्या पेशींचा एवढा मोठा थर बसतो, तो तुम्ही रोज टाकूनच देत असाल. तोच धुऊन वापरा की. कोंबडी कशाला.

उलटतपासणी
थांबा थांबा. बाटलीवर काय लिहिलंय, पीएचए-पी की पीएचए-एल? राजम्याच्या या प्रथिनात दोन प्रकारचे तुकडे असतात. एक तांबड्या पेशींना धरतो, दुसरा पांढऱ्यांना. 'पी' मध्ये दोन्हींची सरमिसळ असते. 'एल' म्हणजे फक्त पांढऱ्यांना धरणारा. तो असेल तर तांबड्या पेशींवरून कितीही वेळा फिरवा, पाण्यातच राहणार.

लॅबकोट_परळ
एल.

निवृत्त_सूक्ष्मदर्शी
आमच्या काळी एवढी शुद्ध बाटली मिळतच नसे हो.

खारघर_लाइन
मग पीएचएचा नाद सोडा. सीडी३ आणि सीडी२८ च्या अँटिबॉडी लावलेले चुंबकी मणी घ्या. पेशी जाग्या झाल्या की नळीला चुंबक लावायचा, मणी भिंतीला, सुप स्वच्छ. महाग आहेत, पण आमच्याकडे मुदत संपत आलेली एक कुपी पडून आहे. बर्फात घालून देतो. शनिवारी या, रविवारी मेगाब्लॉक आहे.